रेडियस सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर न्यायचाय, एकाचे तीन कसे करावेत?

गोदाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडवरच्या एका शिक्षणसंस्थेत मी नेटवर्क बघतो. तीन इमारती, मुलांचं एक वसतिगृह आणि सिन्नरला छोटी शाखा, असा पसारा आहे. वायफाय आणि लॅबमधले पोर्ट, दोन्हीकडे ८०२.१एक्स लावलंय. ज्याने त्याने आपलं युजरनेम-पासवर्ड दिल्याशिवाय पोर्ट उघडत नाही. हे सगळं तपासायला रेडियस सर्व्हर मात्र एकच. जुनं टॉवर मशीन, त्यावर फ्रीरेडियस हे मोफत रेडियस सॉफ्टवेअर, आठ वर्षं कोपऱ्यात निमूट चाललेलं.

गेल्या महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला त्या दिवशी सकाळी पावणेदहाला लाईट गेली. जनरेटर लागला, पण मधल्या अर्ध्या मिनिटात त्या खोलीतल्या यूपीएसने दम सोडला आणि टॉवर बसला. परत चालू केला तर डिस्क उठेना. साडेदहाला ऑनलाइन परीक्षा. चारही लॅबमध्ये प्रत्येक मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे नेटवर्क न मिळाल्याने मशीनने स्वतःच घेतलेला. मुलं हॉलतिकीट पुढ्यात ठेवून बसलेली आणि मी कन्सोल केबल घेऊन एकेका स्विचवरचं ऑथेंटिकेशन हाताने काढत फिरतोय. परीक्षा पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. एका मुलीने विचारलं, "सर, आमचा वेळ कापणार का हो?" तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

आता संस्थेने प्रॉक्समॉक्ससाठी (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दोन चांगले होस्ट, म्हणजे खरी मशीनं, मंजूर केलेत. माझा विचार असा, की रेडियसचं एक व्हर्च्युअल मशीन नीट बसवायचं, त्याचा टेम्पलेट (साचा) करायचा, त्यातून तीन क्लोन (हुबेहूब प्रती) काढायचे आणि पुढे काम वाटून देणारा लोड बॅलन्सर ठेवायचा. प्रवेश वाढले की चौथा क्लोन. यात कुठे चुकतोय का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

अंबडचा_अभियंता | सोमवार, रात्री १०.२५

गोदाकाठ, तुमची सकाळ डोळ्यांसमोर आली. कारखान्यात आम्हीही असल्यातून गेलोय.

आमच्याकडे दिवाळीच्या शटडाऊनमध्ये सगळा प्लांट, सर्व्हर रूमसकट, पूर्ण बंद होतो. दोन वर्षांपूर्वी रेडियस व्हर्च्युअल केला आणि पहिल्याच दिवाळीनंतर अडकलो. होस्ट सुरू झाला, पण तो ज्या स्विचपोर्टला लावलेला होता त्या पोर्टवरही कुणीतरी सरसकट ८०२.१एक्स टाकलेलं. पोर्ट म्हणतो आधी रेडियसला विचारतो, आणि रेडियस त्याच पोर्टच्या पलीकडे. स्विचवर लॉगिन करावं तर तेही रेडियसवरूनच. लोकल पासवर्ड कुणाला आठवेना. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पाळी गेटवर उभी आणि आम्ही स्विचचा पासवर्ड रिकव्हरी करतोय.

त्यानंतर आम्ही एक रेडियस साध्या छोट्या फिजिकल मशीनवरच ठेवला. माझं मत: एक तरी लोखंडी ठेवा. व्हर्च्युअल कितीही करा.

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ७.१०

अंबडचे दादा म्हणतात तो फेरा खरा आहे, पण त्यावर उपाय फिजिकल मशीन हाच एक नाही. होस्टचे पोर्ट, स्विच-ते-स्विच दुवे आणि डोमेन कंट्रोलर (युजर-पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर) ज्यावर आहे तो पोर्ट, हे ऑथेंटिकेशनच्या बाहेरच ठेवायचे. तिथे कुलूप म्हणजे सर्व्हर रूमचं दार. आणि प्रत्येक स्विचवर एक लोकल खातं हवंच, त्याचा पासवर्ड कागदावर, पाकिटात, तिजोरीत. रेडियस उत्तर देत नसेल तेव्हाच ते खातं चालेल असा क्रम लावता येतो.

आता मूळ प्रश्न. गोदाकाठ, टेम्पलेट-क्लोन ही दिशा बरोबर आहे. पण "क्लोन वाढवले की क्षमता वाढली" हे गृहीत धरू नका. रेडियसचा स्वतःचा भार फार थोडा असतो. दोन कोअर आणि चार जीबी रॅमचं मशीन तुमच्या संस्थेला पुरून उरेल. दम लागतो तो त्याच्या मागे.

तुमचे युजर अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची युजरांची यादी) असतील आणि पीईएपी (पासवर्ड सुरक्षित बोगद्यातून पाठवणारी लॉगिनची पद्धत) वापरत असाल, तर प्रत्येक पासवर्ड विनबाइंडमार्गे डोमेन कंट्रोलरकडे तपासायला जातो. विनबाइंड हा सांबाचा, म्हणजे लिनक्सला विंडोजच्या डोमेनशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा, भाग. सांबामध्ये "विनबाइंड मॅक्स डोमेन कनेक्शन्स" ही सेटिंग आहे, तिची मूळ किंमत १. म्हणजे बाहेर फ्रीरेडियसचे धागे (एकाच वेळी काम करणारे हात) कितीही असोत, आत सगळे एका खिडकीपुढे रांगेत. फ्रीरेडियसमध्ये धाग्यांची कमाल मूळ मर्यादा ३२ आहे. एका तपासणीला पाव सेकंदाच्या आत उत्तर येतंय तोवर कुणाला काही कळत नाही. डोमेन कंट्रोलर थकला आणि तेच उत्तर दोन सेकंदांनी यायला लागलं, की आतल्या खिडक्या वाढवल्या असल्या तरी ३२ धागे मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १६ लोक आत घेतात. तुमच्याकडे समजा २,२०० उपकरणं आहेत, तर सव्वादोन मिनिटांच्या वर गेलं. एवढा वेळ उपकरणं थांबत नाहीत. ती मध्येच सोडून पहिल्यापासून सुरू करतात आणि रांग आणखी लांबते.

हे रोज होत नाही. लाईट आल्यावर होतं. सगळे स्विच, सगळे अॅक्सेस पॉइंट एकाच मिनिटात जिवंत होतात आणि सगळे एकदम दार ठोठावतात. पीईएपीत एका लॉगिनला दहाएक फेऱ्या होतात. २,२०० गुणिले दहा, बावीस हजार पॅकेट. एका मिनिटात आली तर सेकंदाला साडेतीनशेच्या वर. तुमचा रेडियस या मिनिटासाठी बांधायचा, दुपारी तीनच्या शांततेसाठी नाही.

म्हणून आधी विनबाइंडची कनेक्शन्स वाढवा. दर वेळी एनटीएलएम-ऑथ या पासवर्ड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा वेगळा प्रोसेस उघडण्याऐवजी फ्रीरेडियस ३ च्या एमएसचॅप मॉड्यूलमधून थेट विनबाइंडशी बोलण्याची सोय आहे, ती वापरा. दुसरा डोमेन कंट्रोलर दुसऱ्या होस्टवर ठेवा. हे न करता दहा क्लोन काढलेत तर दहा मशीन एकाच दारावर धडका देतील.

लोड बॅलन्सरबद्दल संध्याकाळी लिहितो, आता निघतो.

नवखा_पिंग | मंगळवार, सकाळी १०.५५

वाचतोय आणि शिकतोय. एक विचारू का? दहा फेऱ्या कशासाठी लागतात? युजरनेम-पासवर्ड एका पॅकेटात जात नाही का?

रानजाई | मंगळवार, दुपारी १.१५

नवखा, जाऊ शकतो, पण मग तो पासवर्ड एमडी५ (जुनी, कमजोर सांकेतिक पद्धत) आणि शेअर्ड सीक्रेट (स्विच आणि रेडियस दोघांनाच माहीत असलेला गुप्त शब्द) यांच्या पातळ पडद्याआडून जातो. पीईएपीत आधी सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, फोन ते तपासतो, दोघांत टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, बोगदा तयार होतो आणि मग पासवर्ड त्या बोगद्यातून जातो. सर्टिफिकेटची साखळी एका पॅकेटात मावत नाही, तुकडे करून पाठवावी लागते. म्हणून इतक्या फेऱ्या.

मी एका रुग्णालयाचं नेटवर्क बघते, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ. गोदाकाठ दादा, तुम्ही टेम्पलेट करणार म्हणालात म्हणून आमच्याकडे घडलेलं सांगते, कारण क्लोनमध्ये काय जातं हे कुणी बघत नाही.

आम्ही पहिला टेम्पलेट केला तेव्हा फ्रीरेडियससोबत येणारी टेस्ट सर्टिफिकेटं तशीच राहिली. त्यांची मुदत ६० दिवस. दोन महिने सगळं छान. मग एका सकाळी वॉर्डमधले टॅब्लेट एकामागून एक बाहेर. नर्सिंग स्टेशनवरून फोन: "मॅडम, औषधांची यादी उघडत नाही." त्या दिवशी सिस्टरांनी सगळं कागदावर लिहून काम केलं. दोष कुणा कंपनीचा नव्हता, आमचाच.

दुसरी गोष्ट. दोन क्लोनमध्ये दोन वेगळी सर्टिफिकेटं राहिली, तर फोन एका सर्व्हरला ओळखतो आणि दुसऱ्याला अनोळखी म्हणतो. लोकांना सारखं "विश्वास ठेवायचा का?" विचारलं जातं आणि ते न वाचता "हो" दाबायला शिकतात. यासारखी वाईट सवय नाही. तिन्ही मशीनना एकाच नावाचं, तुमच्या स्वतःच्या खासगी सीएने (सर्टिफिकेट देणारा अधिकारी) दिलेलं सर्टिफिकेट द्या. अँड्रॉइड ११ पासून तर "सर्टिफिकेट तपासू नका" हा पर्यायच काढायला सुरुवात झाली, त्यामुळे सीए आणि सर्व्हरचं नाव फोनमध्ये नीट भरलेलंच असायला हवं. वसतिगृहातल्या मुलांसाठी एक इन्स्टॉलर किंवा प्रोफाइल बनवून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तुमचे शेकडो फोन वाचतील.

आणि सीक्रेट टेम्पलेटमध्ये ठेवू नका. ओव्हीए फाइल (अख्खं व्हर्च्युअल मशीन एका फाइलीत) कुठे कुठे फिरते ते आपल्याला कळत नाही. बाहेरून आलेला माणूस पेनड्राइव्हवर घेऊन जातो, कुणीतरी क्लाउडवर बॅकअप म्हणून टाकतो. आत तुमच्या सगळ्या स्विचचं शेअर्ड सीक्रेट आणि सर्टिफिकेटची खासगी किल्ली. आमचा टेम्पलेट आता रिकामा असतो. पहिल्यांदा सुरू होताना क्लाउड-इनिट त्याला नाव आणि पत्ता देतं आणि किल्ल्या नंतर अॅन्सिबल ठेवून जातं. मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट कीसुद्धा टेम्पलेटमधून पुसायच्या, नाहीतर तिन्ही भावंडांची ओळख एकच राहते.

जेलरोड_जाळं | मंगळवार, दुपारी ३.३०

नाशिक रोडला आमचं छोटं इंटरनेट आहे, घरगुती फायबर. पीपीपीओई (ग्राहकाने युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत), मागे रेडियस. आमचा प्रश्न लॉगिनचा नव्हता, अकाउंटिंगचा होता. कॉलेजला तो कमी जाणवेल, पण ऐका.

प्रत्येक चालू ग्राहकाची खबर राउटर ठरावीक वेळाने रेडियसला देतो: किती वेळ झाला, किती डेटा गेला. आमच्याआधीच्या माणसाने ही वेळ ६० सेकंद ठेवली होती. बारा हजार ग्राहक झाले तेव्हा सेकंदाला २०० नोंदी, रात्रंदिवस, मायएसक्यूएलमध्ये. त्याच डेटाबेसवर लॉगिनही. संध्याकाळी आठला सगळे घरी आले की डेटाबेस धापा टाकायचा, लॉगिनला उत्तर उशिरा जायचं, राउटर परत विचारायचा. आम्ही दुसरं मशीन लावलं, तिसरं लावलं. फरक शून्य, कारण तिन्हीमागे डेटाबेस तोच.

मग कुणीतरी आरएफसी २८६९, रेडियसच्या नियमांचा कागद, उघडून दाखवला. ही वेळ ६० च्या खाली असता कामा नये आणि ६०० च्या खाली नसावी, असं त्यात सरळ लिहिलंय. ६०० केली. २०० च्या २० झाल्या. त्याच दिवशी दोन मशीन बंद करून बघितली, काही फरक पडला नाही. नंतर अकाउंटिंग वेगळं काढलं: फ्रीरेडियस आलेली नोंद आधी डिस्कवरच्या फाइलीत लिहितो, लगेच "मिळालं" म्हणतो आणि मागून सावकाश डेटाबेसात भरतो. त्याच्या उदाहरणांत बफर्ड-एसक्यूएल नावाची साइट आहे, तीच घेतली.

एक आठवण करून देतो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची आहेत. व्हर्च्युअल मशीन मोडून नवं करण्याची सवय लागली की लॉगही त्याच्यासोबत पुसले जातात. लॉग पहिल्या दिवसापासून मशीनच्या बाहेर पाठवा.

आम्ही हे सगळं आता परत तपासतोय, कारण २०२७ चा सिंहस्थ. पंचवटी आणि तपोवनाच्या बाजूला वायफायची कामं निघतील. तिथे एका फोनमागे एक पॅकेज आणि दर तासाला नवीन माणूस. रामकुंडावर पर्वणीच्या पहाटे जी गर्दी असते ती २०१५ ला बघितलीय.

सह्यकडा | मंगळवार, रात्री ८.२०

जाळं, तुमचा अनुभव सोन्यासारखा आहे. आता लोड बॅलन्सर.

रेडियस १९९१ मध्ये लिव्हिंग्स्टन कंपनीने डायल-अप मोडेमसाठी बनवला. त्यामुळे त्याचा स्वभाव जुना आहे: यूडीपी, ऑथेंटिकेशनला पोर्ट १८१२, अकाउंटिंगला १८१३, आणि समोरच्याची ओळख त्याच्या आयपी पत्त्यावरून. क्लायंट कोण आणि त्याचं सीक्रेट कोणतं हे फ्रीरेडियस पॅकेट ज्या पत्त्यावरून आलं त्यावरून ठरवतो. मधल्या लोड बॅलन्सरने पत्ता बदलला की सगळे स्विच एकच दिसतात. तिथेच बरेच जण फसतात. कंटेनरमध्ये टाकलं की नॅटमुळे (वाटेत पत्ता बदलण्याची सोय) हेच होतं, सांभाळून.

दुसरं, ईएपीच्या (पीईएपी हा त्याचाच एक प्रकार) त्या दहा फेऱ्या एकाच सर्व्हरशी पूर्ण व्हायला लागतात. अर्धा बोगदा पहिल्याने बांधला आणि पुढचं पॅकेट दुसऱ्याकडे गेलं, तर दुसरा म्हणतो, हे संभाषण माझ्याकडे नाही. पॅकेट वाटून देणारा साधा आलटून-पालटून प्रकार इथे चालत नाही.

गोदाकाठ, तुमच्या आकाराला लोड बॅलन्सर नको. स्विचवर आणि वायफाय कंट्रोलरवर दोन सर्व्हरांची यादी द्या. अर्ध्या स्विचना पहिला-दुसरा, उरलेल्यांना दुसरा-पहिला. भार आपोआप वाटला जातो, आणि संभाषण तुटत नाही कारण स्विच एकदा धरलेला सर्व्हर सोडत नाही. फक्त मेलेल्या सर्व्हरला काही मिनिटं बाजूला ठेवायची सेटिंग, डेडटाइम, विसरू नका. सिस्कोत मूळ हिशोब पाच सेकंद थांबायचं, तीनदा परत विचारायचं. म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला मेलेल्या सर्व्हरपायी वीस सेकंद. डेडटाइम असेल तर पहिल्याला त्रास होतो, बाकीचे थेट दुसऱ्याकडे.

जाळं, तुमच्यासारख्यांना मात्र पुढे फ्रीरेडियसलाच प्रॉक्सी (मधला दलाल) म्हणून ठेवता येईल. त्यात कीड-बॅलन्स (किल्लीवरून वाटणी) आहे, उपकरणाचा पत्ता किल्ली म्हणून दिला की ते उपकरण दर वेळी मागच्या त्याच मशीनकडे जातं. मागे मशीन वाढवा, कमी करा. एकच लक्षात ठेवायचं, रेडियसच्या पॅकेटमधला ओळख क्रमांक आठ बिटांचा, म्हणजे एका सोर्स पोर्टवरून एका वेळी २५६ च प्रश्न उत्तराच्या वाटेवर असू शकतात. प्रॉक्सी नवीन पोर्ट उघडत राहतो, पण फायरवॉलने एकाच पोर्टला परवानगी दिली असेल तर गर्दीच्या वेळी तिथे कोंडी होते.

कीपअलाइव्हडी या साधनाने एकच तरता पत्ता (एक मशीन पडलं की दुसऱ्याकडे जाणारा) ठेवायचा असेल तर राखीव मशीनवर तो पत्ता नसतो, त्यामुळे फ्रीरेडियस त्या पत्त्यावर ऐकायला नकार देतो. कर्नलमधली नॉन-लोकल बाइंडची सेटिंग चालू करावी लागते.

अंबडचा_अभियंता | मंगळवार, रात्री ९.०५

सह्यकडा, हे पटलं. तरी एक आहे. होस्टवर इतर मशीनं असतात, कुणी रात्री एक वाजता बॅकअप लावतं, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) मिटवताना मशीन काही सेकंद गोठतं. आमच्या स्विचने तेवढ्यात सर्व्हर मेला असं ठरवलं होतं. तिसऱ्या पाळीचे बारकोड स्कॅनर खाली.

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९.३०

बरोबर. म्हणूनच रेडियसच्या मशीनचा बॅकअप घ्यायचा नाही. त्याची कॉन्फिग गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन), सर्टिफिकेट तिजोरीत, लॉग बाहेर, युजर डिरेक्टरीत. आत जपण्यासारखं काही उरलं नाही तर बॅकअप कशाचा घेणार? बिघडलं तर पाडायचं आणि दहा मिनिटांत नवं उभं करायचं. विकतचा अप्लायन्स घेणाऱ्यांनीही हे बघावं: सिस्को आयएसईला बॅकअप म्हणून व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट चालत नाही आणि सीपीयू-मेमरी राखून ठेवावी लागते. तुम्हीही या दोन मशीनची मेमरी राखून ठेवा, आणि दोन्ही एकाच होस्टवर कधीच येणार नाहीत असा नियम लावा. एका होस्टवरची दोन मशीन म्हणजे एकच मशीन.

रानजाई | बुधवार, सकाळी ८.४५

आणि आवृत्ती बघा. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस ही रेडियसमधली त्रुटी बाहेर आली. एमडी५ च्या कमजोरीवरून मधला माणूस "नाही" चं "हो" करू शकतो. ईएपीवाले सुरक्षित आहेत, पण पासवर्डाऐवजी मॅक पत्त्यावर (उपकरणाचा मूळचा क्रमांक) आत येणारी उपकरणं, प्रिंटर, आमच्याकडचे रुग्णांचे मॉनिटर, ही त्यात सापडतात. फ्रीरेडियस ३.२.५ मध्ये त्यावरचा उपाय आला. मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेट बदललेलं नाही याची खूण) सक्तीचा करा, पण आधी प्रत्येक स्विच तो पाठवतोय का ते पाहून घ्या. जुन्या स्विचना फर्मवेअर लागेल.

सिन्नरचा दुवा भाड्याच्या लाइनवरून असेल तर रेडियस उघडा पाठवू नका. रॅडसेक, म्हणजे टीएलएसमधून रेडियस, टीसीपी पोर्ट २०८३, किंवा व्हीपीएन.

गोदाकाठ | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.५०

मंडळी, उशीर झाला, पण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

तीन नाही, दोनच मशीन केली. प्रत्येकी दोन कोअर, चार जीबी, एकेका होस्टवर, डोमेन कंट्रोलरही तसेच वाटले. तिसरं छोटं सिन्नरला ठेवलं, तिथल्या साध्या मिनी-पीसीवर. अंबडचे दादा, तुमचं लोखंडी मशीन तिथे बसलं, कारण लाइन तुटली तरी शाखा चालली पाहिजे.

आज रविवार, कॉलेज रिकामं. प्राचार्यांची परवानगी घेऊन दुपारी बारा वाजता आम्ही मुद्दाम मेन स्विच पाडला. वॉर्डनना सांगून वसतिगृहाचाही. पाच मिनिटं अंधार, मग सगळं एकदम चालू.

पहिल्या वेळी नापास झालो. स्विच दोन मिनिटांत उठले, होस्टना सहा लागली. मधल्या चार मिनिटांत लॅबच्या मशीननी विचारून विचारून सोडून दिलं आणि पुन्हा तेच १६९.२५४. ते बघून पोटात गोळा आला. मग स्विचवर ती सोय चालू केली, रेडियसच उत्तर देत नसेल तर लॅबचे पोर्ट एका मर्यादित व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा कप्पा) उघडायचे. त्यातून फक्त परीक्षेचा सर्व्हर दिसतो, बाकी काही नाही. रेडियस परत आला की पोर्ट पुन्हा नीट तपासले जातात.

दुसऱ्यांदा पाडलं. या वेळी लॅब दोन मिनिटं दहा सेकंदांत परीक्षेच्या पानावर. पण वायफायवर वेगळंच झालं. डीबग मोडमध्ये बघितलं तर सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" म्हणून नाकारलं जातंय. डोमेन कंट्रोलर ज्या होस्टवर होता त्याची बॅटरी गेलेली, घड्याळ २०२० मध्ये, आणि लॅपटॉप वेळ तिथून घेत होते. आठवड्यापूर्वी नवीन सर्टिफिकेट केलं, त्यामुळे २०२० मधल्या लॅपटॉपला ते भविष्यातलं वाटलं. कॉलेज रोडवरून एक नाण्याएवढी बॅटरी आणून बसवली आणि होस्टना एनपीएलची वेळ दिली.

तिसऱ्यांदा पाडलं. सव्वातीन वाजले होते. विनबाइंडची कनेक्शन्स आधीच वाढवली होती. जनरेटर लागल्यापासून सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी होस्ट उभे, आणि त्यानंतर पन्नास सेकंदांत वसतिगृहातले चारशेवर फोन आत. लॉगमध्ये एकही परत विचारणा नाही. मग एक रेडियस मशीन सरळ डिलीट केलं, टेम्पलेटवरून नवीन काढलं, अॅन्सिबल चालवलं. अकरा मिनिटं. तेवढ्या वेळात दुसऱ्याने सगळं सांभाळलं, कुणाचा फोन आला नाही.

जेलरोड_जाळं | रविवार, संध्याकाळी ७.१५

तीनदा पाडलंत, शाबास. आम्ही रात्री दोनला पाडतो, पण एकदाच पाडून समाधान मानत होतो. या महिन्यात घड्याळंही तपासतो.

नवखा_पिंग | रविवार, संध्याकाळी ७.४०

दादा, लोड किती झेपतं हे खऱ्या फोनशिवाय मोजायचं असेल तर?

गोदाकाठ | रविवार, रात्री ८.००

डब्ल्यूपीए-सप्लिकंट या लिनक्सच्या वायफाय-लॉगिन सॉफ्टवेअरसोबत ईएपीओएल-टेस्ट नावाचं छोटं साधन येतं, तेच शंभर वेळा समांतर चालव. रॅडटेस्टवर जाऊ नकोस, ते साधा पासवर्ड तपासतं, बोगदा बांधतच नाही, त्यामुळे आकडा फसवा येतो.

रानजाई | रविवार, रात्री ८.२५

गोदाकाठ दादा, उठण्याचा क्रम कुठे लिहून ठेवलाय का? तुम्ही सुट्टीवर असताना पाऊस आला तर?

गोदाकाठ | रविवार, रात्री ८.५०

सर्व्हर रूमच्या दाराला आतून चिकटवलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून. आधी मुख्य स्विच, मग दोन्ही होस्ट, मग डोमेन कंट्रोलर, त्यांची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून बघायची, मग रेडियस, शेवटी अॅक्सेस पॉइंट. खाली लोकल पासवर्डचं पाकीट कुठल्या कपाटात आहे ते. आज तिसऱ्या वेळी मी फक्त बाजूला उभा होतो, सगळं आमच्या शिपाई मामांनी त्या कागदावरून वाचून सुरू केलं. एका जागी अडले, "होस्ट" म्हणजे कोणता डबा ते कळेना. उद्या दोन्ही डब्यांवर लाल पट्टी लावतोय.